शाळा आणि टाकी यांच्यामध्ये हरवलेला संदेश

खांदवाडीच्या डोंगराने इशारा दिला होता. मातीत पुरलेल्या संवेदकांनी (हालचाल टिपणाऱ्या उपकरणांनी) कडा सरकतोय हे ओळखलं आणि ताबडतोब संदेश पाठवला. तरीही वाडीतला भोंगा वाजला नाही. लोक जेवायला बसले होते, आणि कडा त्यांच्यावर आला.

मग तो संदेश गेला कुठे?

हा प्रश्न बारा वर्षांच्या ऋजुताला छळत होता. तिची मैत्रीण शलाका त्याच वाडीतली. ढिगाऱ्यात तिचं दप्तर सापडलं. ती सापडली नाही.

ऋजुताची हेमांगी मावशी संगणकजाळ्यांची शास्त्रज्ञ होती. चौकशीसाठी ती आली आणि ऋजुताच्याच घरी उतरली. सोबत तिने ढिगाऱ्याजवळची एक करडी पेटी आणली होती.

"हा राउटर (संदेशाला पुढची वाट दाखवणारं यंत्र)," मावशी म्हणाली. "असा एक शाळेवर होता, एक पाण्याच्या टाकीवर, एक पुलावर आणि एक पठारावर. संदेश यांच्यावरून उड्या मारत भोंग्यापर्यंत जातो."

"मग त्यांच्याकडे नकाशा असेल ना?"

"नाही गं. प्रत्येकाला फक्त शेजारी ठाऊक. शेजारी सांगतो, 'माझ्याकडून गेलास तर भोंगा इतक्या उड्यांवर आहे,' आणि हा विश्वास ठेवतो. या बोलण्याचे नियम ठरलेले असतात. त्यांना प्रोटोकॉल म्हणतात."

मावशीने ऋजुताच्या बाबांनाही बोलावलं. "मी शाळा, तुम्ही टाकी. मला पुलावरून भोंग्याची वाट माहीत आहे, ती मी तुम्हाला सांगितली. आता त्या दिवशीसारखा पूल वाहून गेला. माझी वाट बंद. मी विचारते, कुणाला भोंग्याची वाट ठाऊक आहे का?"

"मला आहे," बाबा म्हणाले.

मावशीने संदेश म्हणून एक चुरगळलेला कागद त्यांच्या हातात दिला. बाबांनी तो क्षणभर धरला आणि गोंधळून परत तिच्याच हातात ठेवला. तिने पुन्हा त्यांना दिला.

"थांबा!" ऋजुता ओरडली. "बाबा, ती वाट तुम्हाला मावशीनेच सांगितली होती! ती तर तुटली!"

"पेटीला ते कळलं नाही," मावशी म्हणाली. "पठारावरून लांबची, चांगली वाट होती. पण शाळेला टाकीची वाट जवळची वाटली. संदेश शाळा-टाकी, शाळा-टाकी असा फिरत राहिला. प्रत्येक संदेशाला ठरावीकच उड्या मिळतात. त्या संपल्या की तो पुसला जातो."

बाबा खिडकीकडे वळले.

"वाट सांगताना मधल्या सगळ्यांची नावंही सांगायची," ऋजुता हळूच म्हणाली. "त्यात आपलंच नाव आलं, तर ती वाट घ्यायची नाही."

"बरोबर. ही युक्ती जुनीच आहे, ऋजू."

"मग यात का नव्हती?"

"यातलं सॉफ्टवेअर बंदिस्त होतं. आत काय लिहिलंय ते फक्त बनवणाऱ्यांना दिसायचं, आणि ती कंपनी कधीच बुडाली. बाहेरच्या कुणाला चूक दिसलीच नाही."

"दिसली असती तर शलाका..."

मावशीने ऋजुताला जवळ घेतलं.

मोरदरा या डोंगराखालच्या दुसऱ्या वाडीतही अशाच पेट्या होत्या. दोघी दुसऱ्याच दिवशी तिकडे गेल्या. मावशीने त्या पेट्यांत मुक्तस्रोत सॉफ्टवेअर (ज्याची मूळ आज्ञावली कुणीही वाचू, तपासू आणि दुरुस्त करू शकतं) भरलं. जगभरच्या अनोळखी लोकांनी ते मिळून लिहिलं होतं, आणि त्यात वाटेतली नावं सांगायची युक्ती होती.

"कुणीही बदलू शकतं? मग कुणी मुद्दाम बिघडवलं तर?" वाडीतल्या झोरेकाकांनी विचारलं.

"आपल्या प्रतीत कुणीही बदल करावा. पण सगळ्यांच्या मूळ प्रतीत बदल घ्यायचा, तर आधी इतर जाणकार तो तपासतात. चूक तरीही राहू शकते, काका. पण ती झाकलेली राहत नाही."

श्रावणात मोरदऱ्याचा कडा सुटला. दरड आधी ओढ्याजवळच्या पेटीवर कोसळली आणि जवळची वाट तुटली. तिच्या अलीकडच्या पेटीला शेजारच्या पेटीने दुसरी वाट सुचवली. त्या वाटेत आपलंच नाव आहे हे पाहून अलीकडच्या पेटीने ती नाकारली आणि संदेश पठारावरून लांबच्या वाटेने धाडला. भोंगा वाजला.

लोक अंगावरच्या कपड्यांनिशी पळाले. झोरेकाका मात्र गोठ्यातल्या म्हशी सोडायला मागे वळले. ते परत आले नाहीत.

माळावर वाडी भिजत उभी होती. खाली घरं नव्हती, नुसता चिखल होता. झोरेकाकू त्या चिखलाकडे बघत होत्या. बातमी कळताच मावशीसोबत आलेल्या ऋजुताने त्यांचा हात धरला.

संध्याकाळी ती मावशीला म्हणाली, "भोंगा वाजला तेव्हा काकांना वाटलं असेल, अजून वेळ आहे. किती वेळ उरलाय, हे भोंग्याने सांगायला हवं होतं."

"ते अजून कुणी लिहिलेलं नाही," मावशी म्हणाली.

"आपण लिहिलं तर ते जाणकार मूळ प्रतीत घेतील?"

"तपासतील. चुका काढतील. आपण सुधारू. मग घेतील."

ऋजुताने डोळे पुसले आणि संगणक पुढे ओढला.