पुसली गेलेली छोटी खुर्ची

साहेब, तुम्ही खोटं बोललात.

कानात कुजबुजला असतात तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण तुम्ही कारखान्याच्या मधल्या हॉलमध्ये उभे राहिलात, जेवणाची सुट्टी संपवून सगळे कामगार परतत होते, आणि तुम्ही घसा ताणून ओरडलात, "ड्रॉइंगवाल्या बाईंनी अख्ख्या खुर्चीचं काम स्वतःच्या हाताने पुसून टाकलंय! सोमवारी ड्रॉइंग टेबलावर दिसली नाहीत, तर बाईसुद्धा टेबलावर दिसायला नकोत!"

आणि बाई मान खाली घालून घरी आल्या. वाचणाऱ्या पोरांनो, एक गोष्ट आत्ताच ऐकून ठेवा. मोठी माणसं मोठ्या आवाजात बोलतात तेव्हा ती खरं बोलत असतात असं काही नसतं. आता पुढचं ऐका.

त्या बाईंना दोन मुलं. घरात त्यांना थोरली आणि धाकटा म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू. शनिवारी सकाळी थोरली उठली तेव्हा आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेली होती. नळ चालू होता, बादली भरून वाहत होती, पाणी आईच्या पायांपर्यंत आलं होतं. आई पाण्याकडे बघत होती, पण उठत नव्हती.

थोरलीने नळ बंद केला. फरशी पुसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. पाय मुडपून फार वेळ बसलं की पायाचं जे होतं, ते तिच्या सगळ्या अंगाचं झालं होतं. आपल्याच हाताने आपण फडकं पिळतोय हे तिला दिसत होतं, एवढंच.

"आई, चहा करू?"

आई कालपासून बोललीच नव्हती.

"घर्रर्रर्र! पोंऽऽ! बाजूला व्हा, बाजूला व्हा!" बाहेर आरोळी झाली. शेजारचा इंजिन आला होता. हा थोरलीच्याच वर्गातला. लहानपणापासून त्याच्या पायांत जोर नाही, म्हणून तो चाकांच्या खुर्चीवर फिरतो आणि फिरताना तोंडाने गाडीचे आवाज काढतो, म्हणून हे नाव. खुर्ची आईच्याच कारखान्यातली, पण मोठ्या माणसाच्या मापाची. कारखान्यात दुसरं माप नव्हतंच! दोन उशा कोंबून तो तिच्यात बसायचा, आणि तरीही चमचा पातेल्यात पडावा तसा दिसायचा. मुलांसाठी अरुंद, मूल वाढेल तशी वाढणारी खुर्ची आईने आखली होती. तिचीच ड्रॉइंग गेली होती.

"काकू बोलल्या?" इंजिनने विचारलं.

"नाही."

"आईचा चष्मा ऑफिसातच राहिलाय," धाकटा म्हणाला. "तो तरी आणू या. नाहीतर सोमवारनंतर आत सोडायचे नाहीत."

"गप रे!" इंजिन म्हणाला.

"खरंच तर आहे," थोरली म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता ना काही. तिघं निघाले.

शनिवारी कारखाना बंद असतो. पहारेकरी मामांनी चष्म्याचं ऐकून दार उघडलं. मशीन झाकलेली, हॉलभर तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास. टोकाच्या खोलीत मात्र दिवा होता. आईच्या खुर्चीवर साहेबांचा भाचा बसला होता, पाय टेबलावर, हातात बिस्किटांचा पुडा. समोर आईचा कॉम्प्युटर चालू, आणि त्यावर एक हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती.

"दादा, काय करताय?" धाकट्याने विचारलं.

"मामांच्या सहलीचा पिक्चर चढवतोय. समुद्र, बोटी, मामा बोटीत, मामी बोटीत, मामींची पर्स बोटीत! सोमवारी पाहुण्यांना दाखवायचाय."

थोरलीने टेबलावरचा चष्मा उचलला. मग तिला काहीतरी खटकलं. आई गेले कित्येक महिने घरी सांगत होती, कॉम्प्युटर गच्च भरलाय, साहेबांकडे दोनदा दुसरी डिस्क मागितली, दोनदा नाही म्हणाले.

"एवढा मोठा पिक्चर मावतोय?" तिने विचारलं.

"म्हणजे काय! मामांनी गुरुवारी संध्याकाळी स्वतः बसून साफसफाई केली. जुनं-पानं दिसेल ते उडवलं, कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली म्हणाले. आता मैदान मोकळं!"

गुरुवारी संध्याकाळी. आईला फाइली दिसेनाशा झाल्या शुक्रवारी सकाळी. थोरलीच्या छातीत धडधडायला हवं होतं. काही धडधडलं नाही. ती नुसती हिरव्या पट्टीकडे बघत राहिली. पट्टी तिसऱ्या हिश्श्याच्या थोडी पुढे आली होती.

इंजिन दाराबाहेरच थांबला होता, कारण त्याची खुर्ची त्या दारातून जायची नाही. थोरलीने बाहेर येऊन सगळं सांगितलं, तसे त्याचे डोळे मोठे झाले.

"अगं, मग पळ! पिक्चर थांबव!"

"का? फाइली तर गेल्या."

"गेल्या नाहीत! मी बाबांच्या कॅमेऱ्यातले फोटो उडवले होते ना? मारही खाल्ला, फोटोही परत आणले. नीट ऐक. पुसलं की कॉम्प्युटर फक्त खुर्चीवरची नावाची चिठ्ठी काढतो. माणूस तिथेच बसलेला असतो. दुसरा येऊन त्याच्या मांडीवर बसेपर्यंत!"

"आणि आता..."

"आता साहेबांच्या बोटी येऊन काकूंच्या मांडीवर बसतायत. एकेक करून!"

"आपण दादांना सांगू या," धाकटा म्हणाला.

"तो मामांना विचारणार, मामा नाही म्हणणार," थोरली म्हणाली. "टेबलाखाली वायर आहे. ती तू काढायची. पण त्याला खुर्चीवरून उठवायचं कसं?"

इंजिनने दाराकडे पाहिलं. मग आपल्या खुर्चीच्या चाकांकडे पाहिलं. "ही त्या दारातून जात नाही. आजवर कधी गेली नाही."

"मग?"

"मग आज जाणार! घर्रर्रर्र!"

धडाम! खुर्ची चौकटीत जाऊन रुतली. वरच्या कपाटावरची कागदांची गुंडाळी खाली आली.

"अरे, अरे! डोळे फुटले का?" भाचा बिस्किटं टाकून धावला. "मागे घे!"

"येत नाही, दादा! ब्रेक लागलाय!"

"कुठला ब्रेक?"

"ते माहीत असतं तर अडकलो असतो का! उजवीकडून उचला. तुमच्या उजवीकडून! आई गं, हात चेमटला!"

धाकटा टेबलाखाली शिरला. खट्! पडदा काळा झाला. वायर त्याने शर्टाच्या आत घातली आणि शहाण्यासारखा उभा राहिला.

"वीज गेली?" भाचा वळला.

"पंखा तर फिरतोय," थोरली म्हणाली.

"मग कॉम्प्युटरच गेला, दादा!" इंजिनने गंभीर चेहरा केला. "हात लावू नका हं. एकदा आमच्याकडे असंच झालं होतं, बटण दाबलं आणि धूर!"

भाच्याचा चेहरा पडला. "मी काहीच केलं नाही. तुम्ही बघताय ना, मी काही केलं नाही? सोमवारी मेकॅनिक आणतो. मामांना काही बोलू नका!" कशीबशी खुर्ची मागे ढकलून तो गेला, तो बिस्किटंही विसरला. ती धाकट्याने विसरू दिली नाहीत.

घरी आई तशीच बसलेली होती. थोरलीने तिच्या हातात चष्मा दिला आणि झालेलं सगळं सांगितलं, बातम्या वाचाव्यात तसं. आई बराच वेळ चष्म्याची दांडी उघडत-मिटत राहिली.

"किती चढला होता पिक्चर?" तिने एकदम विचारलं.

"तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे."

आईने चपला घातल्या. दोन्ही वेगवेगळ्या जोडांतल्या होत्या. कुणी तिला सांगितलं नाही.

सोमवारपर्यंत ती त्या कारखान्याचीच माणूस होती. तिने स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरचं झाकण काढलं, आतली डिस्क बाहेर घेतली आणि गोदामातल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडली. "हिच्यावर आता काहीही लिहायचं नाही, फक्त वाचायचं," इंजिन पुन्हापुन्हा बजावत होता. शोधण्याचं काम त्याने सुरू करून दिलं. डिस्क गरगरत राहिली. दुपार सरकत राहिली.

फाइली यायला लागल्या. नावं गेली होती, नुसते आकडे उरले होते. आईने पहिली उघडली. फुटकी. दुसरी फुटकी. तिसरी उघडली तर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा.

"हे काय, कोळ्याचं जाळं?" धाकटा म्हणाला.

"पाठीचा कंस," आई म्हणाली. "उजवा."

पुढची उघडली. "मागचं चाक." पुढची. "बैठक." शाळेत हजेरी घ्यावी तशी ती एकेकाला ओळखत गेली. इंजिन दर वेळी "हजर!" ओरडत होता. थोरली एकेका फाइलीला नाव देत जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर ठेवत होती. आपल्याला आनंद झालाय का, हे तिला कळत नव्हतं. बोटं मात्र चालत होती.

"पाय ठेवायची पट्टी?" शेवटी आईने विचारलं.

ती आली नाही. पुन्हा शोधलं, तरी आली नाही. तिच्या जागेवर साहेबांच्या बोटी जाऊन बसल्या होत्या, त्या उठणार नव्हत्या. काही गोष्टी गेल्या की जातातच, पोरांनो. त्या परत येतात असं सांगणाऱ्याच्या गोष्टी वाचू नका.

आईने खिशातून मोजायची टेप काढली. "इंजिन, पाय पुढे घे."

"काकू, गुदगुल्या होतात!"

"होऊ देत."

रविवारभर तिने ती पट्टी नव्याने आखली.

सोमवारी ड्रॉइंग टेबलावर होती. पोरांनी फाइली परत आणल्याचं सगळ्यांना सांगत पहारेकरी मामांनी तिघांना कडक सलाम ठोकला. वेल्डिंगवाल्या काकांनी धाकट्याला खांद्यावर घेतलं. "काय डोकं आहे रे पोरांचं!" म्हणत सगळे गोळा झाले. तेवढ्यात साहेबांनी आईला आणि मुलांना केबिनमध्ये बोलावलं. इंजिन दाराबाहेर राहिला, हे दारही अरुंदच! साहेबांनी दार लावून घेतलं.

"शाब्बास! वा! अशी मुलं हवीत!" त्यांनी दोघांना एकेक पेन दिलं. मग आवाज खाली आणला. "बाई, भाच्याने सांगितलं मला. म्हणजे... गुरुवारी ते माझ्याच हातून उडालं. जुनं वाटलं मला. शुक्रवारी लक्षात आलं होतं, पण तोवर बोलून बसलो होतो. होतं असं. मनावर घेऊ नका. तुमचं काम पक्कं."

"बरं, साहेब," आई म्हणाली.

थोरलीने हातातल्या पेनकडे पाहिलं. चांगलं पेन होतं. तिने ते टेबलावर ठेवलं, उठली आणि दार पूर्ण उघडलं. हॉलमध्ये जेवणाची सुट्टी झाली होती. सगळे डबे घेऊन उभे होते, दारातच इंजिन होता.

"बाळ, दार लाव," साहेब म्हणाले.

"शुक्रवारी तुम्ही आईचं नाव तिथे हॉलमध्ये घेतलंत," थोरली म्हणाली. आवाज चढला नाही की कापला नाही. "आज तुमचं स्वतःचं नाव दार लावून का घेताय?"

"अगं, झालं ना आता..."

"झालं नाही. सगळे ऐकतायत, साहेब. उत्तर द्या."