बरोबरीच्यांची रांग

औषध सापडेपर्यंत झोपून राहायचं, ही गोष्ट माणसांच्या अंगवळणी पडली त्याला आता एक पिढी लोटली होती. कुणाला शिथिलक जडला, म्हणजे हातापायांचे स्नायू एकामागून एक गळत जाणारा तो आजार झाला, की घरचे लोक चार दिवस रडत, सोयऱ्यांना जेवायला बोलावत आणि मग त्या माणसाला घाटातल्या निद्रालयात पोचवून येत. तिथे डोंगराच्या पोटात कोरलेल्या थंडगार दालनांत हजारो माणसं शीतनिद्रेत होती. काळजाचे ठोके इतके मंद, की दोन ठोक्यांच्या मधे एक अख्खी आरती म्हणून व्हावी. आजार होता तिथे थांबलेला, आणि वयही.

पुढे औषध सापडलं. पण गोठल्या देहाला पुन्हा ऊब देणं हे दुधाला विरजण लावण्याइतकं नाजूक काम. एका माणसाला उठवायला डॉक्टरांचा सगळा ताफा आठवडाभर राबे. म्हणून रांग आली, आणि रांग ठरवायचं काम 'कोठारा'कडे आलं.

कोठार हा डेटाबेस होता. माहिती रचून ठेवायची आणि विचारताक्षणी काढून द्यायची, एवढंच त्याचं काम. तो कुणा कंपनीच्या मालकीचा नव्हता. गावातला सप्ताह जसा गावाचा असतो, कुणी तांदूळ आणतो, कुणी मांडव घालतो, कुणी नुसताच वीणा घेऊन पहाऱ्याला उभा राहतो, तसं कोठार जगभरातल्या स्वयंसेवकांनी मिळून उभं केलं होतं. मुक्तस्रोत म्हणतात ते हेच. कुणीही एखादी ओळ बदलली की हजारो चाचण्या आपोआप सुरू होत, देशोदेशींच्या तऱ्हेतऱ्हेच्या यंत्रांवर. सगळीकडे हिरवं आलं तर बदल आत. एका ठिकाणी जरी लाल आलं तरी बदल उंबऱ्यापाशी उभा.

निद्रालयातली शाल्मली साबडे त्या स्वयंसेवकांपैकी एक. बाकी सगळीकडे हिरवी आणि एकाच जातीच्या यंत्रावर लाल होणारी चाचणी असली, की तिचा माग काढायला लोक शाल्मलीलाच हाक मारत. आता निद्रालयात माहिती स्फटिकात कोरून ठेवणारं नवं यंत्र आलं होतं.

"आलं लाल," शेजारच्या टेबलावरून बशीर मुकादम म्हणाला. "तुमचा स्फटिक काही नांदायचं नाव काढत नाही, बाई."

"माझा कसला? आणायचा आग्रह तुमचा होता."

"मी आपला यंत्राच्या पूजेचा प्रसाद खाल्ला तेवढाच. अहो, सोपं आहे. त्या चाचणीवर लिहा, स्फटिकयंत्रावर चालवू नये. झालं हिरवं."

"म्हणजे ताप आला की थर्मामीटर फोडायचा."

"फोडायचा कशाला? खिशात ठेवायचा. पुन्हा लागतो."

ती हसली. बाहेरच्या निरोपकक्षातून चिपळ्यांचा आवाज आला. बशीरने पंखा बंद केला. एकादशी होती.

नरहरबुवा केळशीकर दर एकादशीला घाट चढून येत. हरिदासी परंपरेतले कीर्तनकार. ऐन उमेदीत त्यांचं कीर्तन असलं, की चार गावं आधी जेवणं उरकून घेत. त्यांच्या पत्नी सुमतीबाई पेटीवर साथ करायच्या. त्या झोपल्या तेव्हा बुवांचे केस काळे होते. आता कीर्तनाच्या दुसऱ्या भागापर्यंत, उत्तररंगापर्यंत, दम टिकत नव्हता, डॉक्टरांनी उभं राहून गायला मनाई केली होती, आणि बुवा उभं राहूनच गात. निरोपकक्षात कळ दाबायची, बोलायचं किंवा गायचं. तो आवाज झोपलेल्याच्या नोंदीला जोडला जाई, आणि जागं झाल्यावर त्याला सगळे निरोप ऐकवत. बुवा कीर्तनाच्या आरंभीचं एकच मूळ पद म्हणत. एक ओळ झाली की थांबत. ती जागा पेटीची. तेवढी ती सोडून पुढली ओळ घेत.

गाणं झालं की बाकावर बसलेल्यांशी दोन शब्द बोलत. एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली होती. उठवायला ज्यांचं नाव निघे, त्यांना न्यायला बहुतेकदा कुणीच आलेलं नसे. डोळे उघडून रिकाम्या खुर्चीकडे बघणारी माणसं. आणि ज्यांची माणसं बाकावर झिजली, त्यांची पाळी मात्र येत नसे. लोक कुरकुरत. तेव्हा बुवा म्हणत, "ज्याचं कुणी नाही, त्याला हरी पहिली हाक मारतो. आपण आहोत ना आपल्या माणसाला? मग थोडं थांबू." त्यावर त्यांनी कीर्तनंही केली होती. त्या एका वाक्यावर कितीतरी घरं धीर धरून होती.

शाल्मलीने चाचणी उघडली. चाचणी साधीच होती. कोठारात तीन कल्पित झोपाळू घालायचे, तिघांची श्रेणी एक, झोपायचं सालही एक. मग त्यातल्या पहिल्याच्या पत्त्यात दुरुस्ती करायची आणि यादी मागायची. अपेक्षित उत्तर लिहून ठेवलेलं होतं: दुसरा, तिसरा, पहिला. जुनी सगळी यंत्रं तेच देत. स्फटिकयंत्र देई: पहिला, दुसरा, तिसरा.

"चूक काय यात?" बशीरने विचारलं.

"चूक शोधतेच आहे. पण मला सांगा, बरोबर काय आहे?"

बशीरने मान पुढे काढून पाहिलं. मग नियम पुन्हा वरून वाचायला घेतले.

यादी मागताना नियम दोनच दिलेले होते. आधी आजाराची श्रेणी, मग झोपायचं साल. दोन्ही सारखं असेल तर पुढे कोण, हे कुणी लिहिलंच नव्हतं. आणि सांगितलं नाही तर यंत्र स्वतःची सोय बघतं. साठवणीच्या फळीवर ज्या क्रमाने नोंदीची पाटी सापडेल, त्या क्रमाने काढून देतं. जुन्या यंत्रांत नोंदीला हात लावला, की जुनी पाटी फुली मारून बाद होई आणि दुरुस्त केलेली नवी पाटी फळीच्या शेवटी ठेवली जाई. स्फटिकात कोरलेलं हलत नाही. बदल झाला तर त्याच जागी वर एक पातळ थर चढतो. म्हणून स्फटिकाचा क्रम वेगळा. अपेक्षित उत्तर तरी कुठून आलं होतं? पहिल्या दिवशी यंत्राने जे दिलं ते कुणीतरी उतरवून ठेवलं होतं. बरोबर होतं म्हणून नव्हे, आलं म्हणून. नंतर सगळी यंत्रं एकमेकांसारखंच चुकत राहिली, आणि तेवढ्यावर हिरवा दिवा लागत राहिला.

"पत्ता बदलला की माणूस मागे," बशीर पुटपुटला. मग त्याचा चेहरा बदलला. "शाल्मलीबाई, निरोप जोडला, तरी नोंद बदलतेच ना?"

तिने खरी यादी उघडली. सुमतीबाईंच्या सालातले, त्यांच्याच श्रेणीतले जे उठून घरी गेले होते, त्यांच्या नोंदी कोऱ्या होत्या. ना निरोप, ना दुरुस्ती. जे अजून झोपले होते त्यांच्या नोंदी आवाजांनी भरलेल्या होत्या. नातवाचं पहिलं बोलणं, लग्नातला गलका, कुणाचं नुसतंच रडणं. आणि सगळ्यांत शेवटी, भिंतीला टेकून, सुमती नरहर केळशीकर. परवापरवापर्यंत आणखी एखाददुसरा त्यांच्या मागे असायचा. आज एकादशी होती, बुवांचा निरोप नुकताच जोडला गेला होता.

तीच यादी तिने स्फटिकाच्या क्रमाने लावून पाहिली. नोंदींना हातच लागला नसता, तर सुमतीबाई सहा वर्षांपूर्वी जाग्या झाल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी तिने नियम लिहायला घेतला. वयाने मोठा तो आधी, असा लावून पाहिला. मग नोंदणीच्या क्रमाने. मग ज्याचे निरोप जास्त तो आधी, असा, आजवरच्या अन्यायाची भरपाई म्हणून. तिसऱ्या खेपेला तिच्या ध्यानात आलं, की प्रत्येक वेळी यादी लागल्यावर तिची नजर एकच नाव शोधते आहे. नियम लिहिता लिहिता ती निकाल बघत होती. तिने हात मागे घेतला.

"चिठ्ठी टाका," बशीर म्हणाला. "बरोबरीच्यांत दर वेळी नव्याने. मग कुणाला बोल लावायचा तर नशिबाला लावा. आणि बदलाच्या खाली लिहा, किरकोळ दुरुस्ती. कोण वाचतंय?"

"कोठारात कारण लिहावं लागतं, बशीरभाई. खरं कारण."

"ते मला ठाऊक आहे हो. पण आधी त्या म्हाताऱ्याला तोंडाने सांगा. छापील वाचू देऊ नका."

बुवा द्वादशीचं पारणं सोडायला घाटातल्या दत्तमंदिरात राहिले होते. ती गेली तेव्हा ते ओट्यावर गालात ज्येष्ठमध धरून बसले होते.

"बुवा, काकूंबद्दल बोलायचं होतं."

"नाव निघालं?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"नाही. का निघत नाही, ते कळलं."

तिने सगळं सांगितलं. फळी, पाट्या, शेवटी ठेवलेली नवी पाटी. बुवांनी मधेच हात वर केला.

"थांबा. मला माझ्या बोलीत लावून बघू द्या. कीर्तन रंगात आलंय. मंडप खच्चून भरलाय. पुढे बसलेला एक भाविक हार घेऊन उठतो, माझ्या गळ्यात घालतो, पाया पडतो. वळून बघतो तर त्याच्या जागेवर लोक सरकलेले. तो बापडा जाऊन चपलांपाशी बसतो."

"हो. तसंच."

"आणि प्रसाद पुढून वाटत येतात."

"हो."

"अन् मी तिला दर एकादशीला हार घालायला उठवत होतो." ज्येष्ठमधाची काडी त्यांनी तोंडातून काढून हातात धरली. "गप्प राहिलो असतो, तर ती कधी जागी झाली असती?"

हे सांगू नये, असं ती वाटभर स्वतःला बजावत आली होती. पण विचारल्यावर खोटं तोंडाशी येईना. "सहा वर्षांपूर्वी."

"सहा वर्षांपूर्वी मला आवाज होता," बुवा म्हणाले. "आणि मी लोकांना काय सांगत होतो? हरी हाक मारतो. फळीची सोय मी देवाच्या तोंडी घातली. आता काय करणार तुम्ही?"

"चिठ्ठी. सारख्यांत दर वेळी नवी."

"आणि ज्यांचं कुणी नाही ते?"

"त्यांचंही नाव असेल चिठ्ठीत. सगळ्यांसारखंच."

"म्हणजे चुकून का होईना, त्यांची जी सोय लागत होती ती गेली."

"कळलं नव्हतं तोवर ती चूक कुणाचीच नव्हती, बुवा. आता कळून ठेवली, तर माझी होईल."

"काढली तरी तुमचीच," बुवा शांतपणे म्हणाले. त्यात राग नव्हता. पूर्वरंगात एखादा सिद्धान्त सांगावा तसा तो सूर होता. मग त्यांनी विचारलं, "आता निरोप दिला तर जागा हलणार नाही? नक्की?"

"नक्की. त्यासाठी मी वेगळी चाचणी लिहिली आहे."

"चाचणी आधीही होती, बाई."

बदल आत गेला. शाल्मलीने कारण लिहिलं, आडपडदा न ठेवता: आजवर बरोबरीच्या माणसांत ज्याच्या नोंदीला आपल्या लोकांचा हात लागला, तो मागे पडत गेला. जगभरातली यंत्रं एकामागून एक हिरवी झाली, स्फटिकही. दूरदूरच्या स्वयंसेवकांनी शाबासकी कळवली. बशीरने या वेळी पेढे आणले नाहीत.

बातमी घाट उतरून गेली. कुणी मोर्चा आणला नाही, कुणी दगड मारला नाही. शाल्मलीने त्याची तयारी ठेवली होती. झालं ते एवढंच, की लोक येईनासे झाले. जे आले ते बाकावर बसून निघून गेले. एका बाईने पत्त्यात बदल करायचा होता तो तसाच राहू दिला. एक तरुण निरोपकक्षाच्या दारापर्यंत येऊन शाल्मलीला विचारून गेला, "वडलांच्या नोंदीतले जुने निरोप पुसता येतील का? सगळे?" तिने त्याला चिठ्ठीचा नियम समजावला, चाचण्या दाखवल्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, "पण पुसता येतील ना?" त्या पंधरवड्यात निरोपकक्षातले दिवे कुणी लावलेच नाहीत.

एकादशीला सकाळी चिपळ्या वाजल्या. शाल्मली खुर्चीवरून उठली तीच धावत. बुवा आले होते. कक्षाचं दार उघडं होतं, आणि बुवा आत न जाता बाहेर उभे होते, दालनाच्या जाड काचेकडे तोंड करून. आवाज फाटला होता, पण मूळ पदाची पहिली ओळ त्यांनी पूर्ण घेतली आणि थांबले. पेटीची जागा सोडली. त्या जागेत शीतयंत्रांची घरघर तेवढी होती. मग दुसरी ओळ. पुन्हा जागा. आख्यान कितीही लांब गेलं तरी शेवटी मूळ पदावर यायचं, ही कीर्तनाची रीत. बुवा पहिल्या ओळीवर परत आले, ते धृपद पुन्हा म्हटलं, आणि काचेला हात जोडले.

"बुवा," ती म्हणाली, "कळ दाबायची राहिली. काकूंना हे ऐकू येणार नाही."

"ठाऊक आहे."

"नोंद हलत नाही आता. मी शपथ घेऊन सांगते."

बुवांनी चिपळ्या पंच्यात गुंडाळल्या आणि पंचा काखेत धरला.

"तुमच्यावर विश्वास आहे हो, बाई," ते म्हणाले. "पण ती चुकून पुढे सरकली असेल, तर उगाच तिला कशाला हलवायचं?"

ते घाटाकडे निघाले. शाल्मली आत आली. पडद्यावर सगळी यंत्रं हिरवी होती.