कापलेले देठ

"कंत्राटदाराने माझ्या टाचण्या संपवल्या," बाई गुप्तहेराच्या दारातूनच म्हणाल्या.

टाचणी म्हणजे चतुराची सडपातळ बहीण, पंख मिटून बसणारी. ही निळी जात एकाच तळ्यावर उरली होती आणि बाई एकोणीस वर्षं ती मोजत होत्या.

"मादी पाण्यातल्या देठात अंडी टोचते. तोवर नर तिची मान सोडत नाही. मग दोघं मरतात. उरतात ती अंडी. परवा गेले, तर देठ कापलेले. सोमवारी समिती येतेय. अंडी दिसली नाहीत तर तळ्यावरून रस्ता जाईल."

"कंत्राटदारच," गुप्तहेराचा मेहुणा म्हणाला. विचार करण्याचा त्याला भारी कंटाळा.

कंत्राटदार तळ्यावरच भेटला. "तळं बुजवायचंय, लपवत नाही. पण देठ कापत बसू? माझ्याकडे बुलडोझर आहे हो."

गुप्तहेर गुडघाभर पाण्यात उतरला. काप तिरपे, स्वच्छ. मधले कितीतरी देठ शाबूत.

"यांत अंडी नाहीत?"

"नाहीत. अंडी असली की बारीक व्रण दिसतात, तेही भिंगातून," बाई म्हणाल्या.

बाईंच्या घरी थोरली बहीण करवादलेली होती. "पंधरा दिवस बाथरूममध्ये टबच टब! परवा एकदाचे ओतले हिने. त्यात नळाचं पाणी. साथ आल्यापासून पालिकेवाले औषध दुप्पट टाकतात, नुसता वास मारतो."

गुप्तहेर बाईंसमोर बसला. "फक्त अंड्यांचे देठ गेलेत. व्रण ओळखणाऱ्या तुम्ही एकट्या. देठ परवा नाही, पंधरा दिवसांपूर्वीच कापले. तुम्हीच, आणि टबांत ठेवले."

बाईंनी नाकारलं नाही. "बुलडोझरची धास्ती होती. वाचवायला आणले. पाणी दिवसभर उघडं ठेवलं की औषध उडतं. दरवर्षी थोडी अंडी घरी वाढवते, तेव्हा उडायचं. या वेळी दुप्पट होतं, मला कुणी सांगितलंच नाही. सगळी अंडी काळी पडली."

"आणि आळ त्याच्यावर?"

"तेवढ्याने रस्त्याचं काम थांबून तळं तरी राहिलं असतं. पुढच्या वर्षी एखादी जोडी आली असती."

"कुठून?" मेहुण्याने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

एवढा साधा प्रश्न बाईंनी स्वतःला परवापासून विचारू दिला नव्हता. मग त्यांनी कागद ओढला आणि समितीला पत्र लिहायला घेतलं. सोमवारी येण्याची आता गरज नाही.