आदर्श आस

खैरवाडी रेल्वे आगारातल्या तुलना-यंत्राने त्या सकाळी एकामागून एक गाड्या नापास केल्या, तेव्हा डॉ. मृदुला ढोबळेला काळजीपेक्षा कुतूहलच जास्त वाटलं. काळजी करायला आगारप्रमुख काळसेकरसाहेब समर्थ होते. ते तपासणी-दालनात येरझारा घालत होते आणि दर फेरीला घड्याळाकडे पाहत होते.

"सगळ्या गाड्यांच्या आसांना एकाच रात्रीत तडे?" ते म्हणाले. "एक घाटगाडी तेवढी पास झाली, ती नऊला सुटली. बाकी सगळं आगार ठप्प. मुख्यालयाला काय सांगू?"

घाटगाडी म्हणजे देवझरीच्या डोंगरावर जाणारी एका डब्याची, चार आसांची, म्हणजे चाकांच्या जोड्या जोडणाऱ्या चार दांड्यांची गाडी. तीत मृदुलाचे वडील, नाना, बसले होते. निदान ती गाडी तरी धडधाकट आहे, या विचाराने सकाळपासून तिला बरं वाटत होतं.

"तडे असतीलच असं नाही, साहेब. सगळा दोष एकाच जागी दिसतोय. चाकापासून वीतभर अंतरावर. हे आस वेगवेगळ्या कारखान्यांतले, वेगवेगळ्या वयाचे. तडा काय सगळ्यांच्या पत्रिकेत एकाच घरात बसतो?"

"तुमचं यंत्र नक्की करतं तरी काय? एकदा मला कळेल असं सांगा."

"मडकं घेताना आपण टिचकी मारून पाहतो ना, तसंच. कानाला ऐकू येत नाही असा श्राव्यातीत ध्वनी आम्ही आसात सोडतो. वाटेत तडा असला की त्याचा प्रतिध्वनी लवकर परततो. पण चाक, खाचा, कडा यांचेही प्रतिध्वनी असतात आणि त्यांची खिचडी होते. म्हणून तोच ध्वनी त्याच क्षणी त्या आदर्श आसातही सोडायचा आणि दोन्हींची वजाबाकी करायची. जे उरेल तो दोष."

काचेच्या खोलीत तो आदर्श आस पहुडला होता. एकदा कसून पारखून निर्दोष ठरवलेला. तो कधी रुळावर गेला नव्हता. आगारातली माणसं त्याला 'महाराज' म्हणत आणि त्या खोलीत चपला घालून जात नसत.

"जुना प्रतिध्वनी साठवून ठेवला तर नाही का चालणार?"

"ऊनपाण्याने पोलादातला ध्वनीचा वेग बदलतो. दोन्ही आस एकाच हवेत असायला हवेत."

बोलता बोलता मृदुलाने कोठारातून एक कोरा आस मागवला. कारखान्याचं वेष्टणही न उतरलेला. यंत्राने त्यालाही त्याच जागी नापास केलं. मृदुलाला हसू आलं.

"साहेब, हे यंत्र फरक किती तेवढं सांगतं. दोघांपैकी खोट कोणात आहे, ते सांगत नाही. मीच ते तसं बनवलंय."

तिने कपाटातलं जुनं साधं यंत्र काढलं, चपला काढल्या आणि आदर्श आसाच्या तोंडाशी तेलाचं बोट फिरवून यंत्राचं टोक टेकवलं. पडद्यावर, जिथे काही असायला नको होतं तिथे, प्रतिध्वनीची एक बारीक शेंडी उभी राहिली. महाराजांनाच तडा गेला होता.

काळसेकरसाहेब मटकन खुर्चीत बसले. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! म्हणजे गाड्या सगळ्या ठीक?"

"ठीक. पण हा निजून राहिलेला आस तडकला कसा?"

मृदुलाला उत्तर मिळेपर्यंत चैन पडणार नव्हतं. आसाचा रंग तिने नखाने खरवडला. खाली कानशीने घासल्याची चमक होती. तिने वेल्डर रंगनाथ पांचाळांना बोलावलं. पांचाळ आगारातले सर्वांत टापटिपीचे कारागीर. त्यांची दोन कामं शेजारी ठेवली तर वेगळी ओळखता येत नसत.

"पांचाळकाका, इथे काय केलं होतं?"

"खंडेनवमीची पूजा होती ना, मॅडम. झेंडूची माळ घसरत होती. म्हणून इवलासा हुक डागला. पूजा झाल्यावर घासून काढला, वर रंग मारला. चूक झाली का?"

मृदुलाला त्यांच्यावर रागावता येईना. "वेल्डिंगच्या रॉडला दमट हवा लागली असेल. त्या ओलाव्यातला हायड्रोजन तापल्या पोलादात शिरतो, दोन-तीन दिवस गप्प बसतो आणि मग पोलाद आतून तडकतं. गाडी हलायचीही गरज नसते."

"अरे देवा," पांचाळ पुटपुटले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मग त्या बाकीच्यांचं काय?"

"बाकीचे कोण?"

"दसऱ्याला सीमोल्लंघनाचा मान घाटगाडीचा असतो. तिच्या चारी आसांनाही तसेच हुक डागले आणि नंतर घासून काढले. माळा एका रेषेत दिसाव्यात म्हणून महाराजांवरूनच माप घेतलं. एक सूतही इकडेतिकडे नाही."

काळसेकरसाहेबांना अजून उलगडा झाला नव्हता. "पण घाटगाडी तर पास झाली."

"एकटीच पास झाली," मृदुला म्हणाली. "तड्यातून तडा वजा केला, साहेब. बाकी शून्य. गाडी थांबवा."

"ज्या गाड्यांना यंत्र वाईट म्हणतं त्या चांगल्या, आणि जिला चांगली म्हणतं ती..."

"साहेब, थांबवा."

साहेबांनी बिनतारी यंत्र उचललं. चालकाने दोनदा विचारून खात्री केली. मग बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत राहिली. पांचाळ काचेला टेकून उभे होते. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. शेवटी चालकाचा आवाज आला, 'गाडी उभी आहे.'

पाठोपाठ मृदुलाचा फोन वाजला.

"मृदू, आम्हाला मोठ्या पुलाच्या अलीकडेच उतरवलंय," नाना म्हणाले. "चालक आसाखाली वाकून बघतोय, म्हणतो रंगावर केसासारखी रेघ आलीय. तुझ्या यंत्राला दोष सापडला वाटतं?"

"नाही, नाना. नाही सापडला. म्हणून तर थांबवली."