मोकळी ठेवलेली लाईन

कर्टिसच्या थोरल्या बहिणीचं, लुएलाचं, लग्न झालं त्याच वर्षीच्या वसंतात, एका मंगळवारी, मिसिसिपीतल्या त्यांच्या छोट्या घरात त्याच्या नशिबाचा निवाडा व्हायचा होता. व्यावसायिक फुटबॉल संघ त्या दिवशी कॉलेजांतले खेळाडू निवडणार होते, आणि निवड झालेल्याच्या घरी फोन वाजणार होता. गेल्या वर्षी शेजारच्या पोराची आत्या ह्याच फोनवर गप्पा मारत बसली, म्हणून संघानं दुसऱ्यालाच घेतलं, अशी साऱ्या वस्तीची ठाम समजूत! म्हणून कर्टिसच्या एमेटमामानं बजावलं होतं, आज फोनला कुणी हात लावायचा नाही.

पहाऱ्याला बसली व्हर्डेल, कर्टिसची सावत्र आई. त्यानं तिला कधी आपली मानलंच नाही. परक्या बाईला हाक मारावी तसा तो तिला 'मिस व्हर्डेल' म्हणे. पण त्याचे चिखलानं माखलेले कपडे धुताना, सुजलेले गुडघे शेकताना तिचं मन मात्र मायेनं भरून येई...

सकाळी मासे तळता तळता तिच्या छातीत कळ उठली. डावा हात जड झाला. आसपास फोन तेवढा एकच. कुणाला सांगावं तर ते आधी डॉक्टरला फोन करणार, आणि नेमकी तेव्हाच संघाला लाईन मिळाली नाही तर... ती गुपचूप स्टुलावर टेकली.

"घाम तर असा फुटलाय, जशी तूच मैदानात उतरणार आहेस," मामानं चिडवलं.

"तू उभा राहा चुलीपाशी, मग बोल," ती कशीबशी हसली.

दुपार कलल्यावर फोन वाजला. रिसीव्हर कर्टिसच्या हाती देऊन ती भिंतीच्या आधारानं हळूहळू खाली सरकली. बाहेरच्या खोलीत माणसं आनंदानं नाचत होती.

सकाळीच आणायला हवं होतं, असं इस्पितळातले डॉक्टर म्हणाले.

कर्टिस तिच्या उशाशी बसला. "कुणाला सांगितलं का नाहीत, मिस व्हर्डेल?"

"तुझा फोन चुकला असता ना, बाळा..."

फोनवरच्या माणसानं पहिलंच वाक्य सांगितलं होतं ते हे, की कर्टिसचं नाव निवडीत मघाशीच पुकारून झालंय, हा फोन नुसता अभिनंदनाचा. लाईन दिवसभर अडली असती, तरी काही बिघडलं नसतं! त्यानं तिचा गार पडलेला हात आपल्या गालाशी धरला.

"तू लाईन मोकळी ठेवलीस, म्हणूनच झालं गं आई," तो म्हणाला.

तिच्या चेहऱ्यावर अपार समाधान पसरलं.

गुरुवारी पहाटे व्हर्डेल गेली.