कोरडी जागा

हे बघा, भुताच्या गोष्टी सांगायची मला हौस नाही. मी रुग्णांची स्मरणशक्ती तपासते, राहते गोखिवऱ्याला, आणि कोणी 'अंगात आलं' म्हणालं की माझं आधी डोकंच फिरतं. पण विषय काढलात म्हणून सांगते.

एरॉल माझा पेशंट, नंदाखाल गावचा. केळीची वाडी, बायको, दोन लहान पोरं. पोरवयात त्याचा धाकटा भाऊ जॉयल वाडीतल्या बावखलात, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यात, बुडाला. त्याला काढायला एरॉल उतरला. तो वाचला, पण तेव्हापासून त्याला फिट्स येऊ लागल्या. यात नवल काही नाही. पाण्यात मेंदूला प्राणवायू कमी पडला असणार. गोळ्या लागू पडेनाशा झाल्या. मागच्या वर्षी फिट आली तेव्हा धाकटी पोर त्याच्या कडेवर होती. ती थोडक्यात वाचली, आणि एरॉलने ऑपरेशनला होकार दिला.

मेंदूच्या उजव्या बाजूचा खराब तुकडा काढायचा होता. त्याआधी एक तपासणी असते. मांडीतून नळी घालून मेंदूची एकेक बाजू काही मिनिटं झोपवतात, आणि जागी असलेली बाजू काय लक्षात ठेवते ते मी बघते. अडचण अशी की गुंगी आली की एरॉल घरच्या बोलीवर जायचा, आणि ती आमच्यात कोणालाच कळत नव्हती. म्हणून मी त्याच्या आईला, रोझलीनमावशींना, क्ष-किरण अडवणारा शिशाचा एप्रन चढवून आत उभं केलं. एरवी नातेवाइकांना तिथे कोण घेतं?

आधी उजवी बाजू झोपवली. कंगवा, किल्ली, चमचा दाखवला. नंतर विचारलं तर सगळं बिनचूक सांगितलं त्याने. म्हणजे तो तुकडा काढला तरी आठवण शाबूत राहणार. मला फार बरं वाटलं.

मग डावी. बोलणं डाव्या बाजूचं, त्यामुळे माणूस तेवढा वेळ मुका होतो. वर धरलेला उजवा हात धपकन खाली पडला. खोलीत स्पिरिटचा वास, यंत्राची बारीक घरघर. मी त्याच्यापुढे चष्मा धरला.

त्याने चष्म्याकडे पाहिलंच नाही. तो आईकडे बघून बोलला. आवाज बारीक, लहान पोराचा. एक वाक्य, थोडं थांबून दुसरं. उजवा हात तसाच लुळा होता. म्हणजे बोलणारी बाजू झोपलेलीच होती, आणि तरी तो बोलत होता.

डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणतोय?

"पानी मागतोय," मावशी म्हणाल्या.

औषध नीट चढलं नसेल, असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा कधीतरी करू. बाहेर एप्रन सोडवताना मावशींनी माझा हात धरला.

"तो एरॉल नव्हता, बाय. जॉयल होता... म्हणाला, मला इथून काढू नका. इथं कोरडं आहे."

मी चिडले. तसं असेल तर डॉक्टरांना सांगा, ऑपरेशन थांबवू, म्हटलं.

"एरॉलला पोरं हायत," एवढंच बोलल्या, आणि तोंडाला पदर लावून रडल्या.

पुढच्या आठवड्यात तपासणी पुन्हा झाली. तेव्हा चकार शब्द नाही. ऑपरेशन ठरलं.

त्या दिवशी मावशी थिएटरबाहेर बसून होत्या. रोझरीची माळ पिशवीतच होती. ओठ मात्र सारखे हलत होते. मी जवळ गेले तर, दिवेलागणीला आई अंगणातून पोराला घरात बोलावते ना, तशा त्या हळू आवाजात कोणाला तरी बोलावत होत्या.

एरॉल ठणठणीत झाला. फिट्स गेल्या, आठवणही चांगली राहिली. मी स्वतः तपासली आहे.

परवा तो दाखवायला आला, सोबत मावशी. एरॉल औषधं आणायला गेला आणि मी मावशींशी बोलत होते. बोलता बोलता त्या गप्प झाल्या. नजर थिजली, तोंड वाकडं झालं, डावा हात झटके देऊ लागला. आयुष्यात कधी फिट नव्हती हो त्यांना. मी धावत जाऊन त्यांना कुशीवर वळवलं. झटके थांबले, त्यांनी डोळे उघडले, तेव्हा मी फोन उचलला होता.

मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं.

"डॉक्टरला नको बोलवू, बाय," त्या कुजबुजल्या. "आत्ताच झोपलाय तो..."