राखेच्या रंगाचा हिरा

ताईनं पुडी उघडली, हिरा तळहातावर ओतला आणि आवाजात उसनं हसू आणून म्हणाली, "बघा! कसा पाण्यासारखा नितळ आहे!"

मेजापलीकडे बसलेली दोघं, धाकटा भाऊ आणि त्याची होणारी बायको, हिऱ्यावर वाकली.

गेलं वर्षभर ताईच्या डोळ्यांपुढे धुकं दाटत चाललं होतं. आईवडिलांमागे धाकट्या भावाला वाढवताना, दारी आलेलं स्थळ परतवून याच मेजाशी खडे बसवत बसलेल्या त्या जिवाला आता समोरचं माणूससुद्धा सावलीसारखं दिसे! पण खणातल्या पुड्यांच्या जागा तिला पाठ होत्या. त्या भरवशावर तिनं आजवर सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकली होती. नवी कामं घेणं तिनं केव्हाच बंद केलं होतं, 'आता कंटाळा आला' असं सांगून. भावाचं लग्न होऊन तो दूरच्या शहरी नोकरीवर रुजू होईपर्यंत हे कळता कामा नये, एवढीच तिची धडपड होती. कळलं, तर तो वेडा सगळं सोडून इथेच बसेल!

आणि काल त्यानं, ताईला मदत म्हणून, तोच खण आवरला होता...

"ताई, ही काय थट्टा आहे?" भावाचा आवाज चढला. "राखेत दूध सांडल्यासारखा हा हिरा! काळे ठिपके, आरपार काही दिसत नाही, आणि हा नितळ? साखरपुड्याच्या अंगठीला?"

पुडी भलतीच निघाली होती! पैलू तसेच पाडलेले, बोटांना कळणार तरी कसं! आता खरं सांगावं... की दोष पत्करावा?

"मुद्दामच दाखवला," ती कशीबशी म्हणाली. "मुलीची पारख करायची होती."

"पारख? पहिल्या दिवसापासून तू हिच्याकडे धड बघतसुद्धा नाहीस! तुला हे लग्नच नकोय, सरळ सांग ना!"

ते शब्द तिच्या वर्मी लागले. ज्याच्यासाठी जन्म झिजवला, त्याच्याच तोंडून हे! पण खरं सांगायचं नाही! रागावून का होईना, जाऊ दे त्याला...

"अहो, जरा मला बघू द्याल की नाही?" मुलीनं हिरा अलगद उचलला. ती शाळेत चित्रकला शिकवायची. "ढगाळलेलं आभाळच जणू! एकसारखे चकचकीत हिरे काय, कुणाच्याही बोटात असतात. ताई, मला हाच हवा. मनापासून. घ्या माप."

ताईला हायसं वाटलं. तिनं बोटाचं माप घ्यायच्या कड्यांचा जुडगा हातात घेतला आणि थांबली. आणखी थोडी थांबली.

"अगं, दे ना हात," ती हसून म्हणाली. "लाजतेस काय?"



"ताई..." भावाचा आवाज चिरकला. "तिचा हात केव्हाचा तुझ्यासमोर आहे!"

जुडगा खाली पडला. ताईनं घाबरून इकडेतिकडे चाचपलं, तोच भावानं तिचे दोन्ही हात धरले आणि त्यांच्यावर कपाळ टेकून तो लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. "काय काय बोललो गं मी तुला! का नाही सांगितलंस? मी कुठ्ठे जाणार नाही!"

"याच भीतीनं रे! याचीच भीती होती मला," ती म्हणाली. "डॉक्टरकडेसुद्धा गेले नाही. त्यांनी 'आता उपाय नाही' म्हटलं तर? परक्यांच्या इतक्या अंगठ्या केल्या, आणि तुझीच..."

मुलीनं जुडगा उचलून तिच्या हातात दिला आणि आपलं बोट तिच्या मुठीत सरकवलं.

"उद्या आपण तिघं डॉक्टरांकडे जाऊ. नोकरीचं मग बघू. अंगठी मी तुमच्या हातचीच घालणार."

"आणि नाहीच दिसलं पुन्हा, तर?"

"तर हे बोट मोकळंच राहील, ताई. माप तेवढं घेऊन ठेवा."

ताईनं पहिलं कडं चाचपून तिच्या बोटात घातलं. ते सैल झालं. तिनं दुसरं घातलं.